काय म्हणतील ते: स्पेनच्या लहान गावांतल्या खिडक्या



स्पॅनिश भाषेत एक शब्दप्रयोग आहे, 'एल के दिरान'. त्याचा सरळ अर्थ 'काय म्हणतील ते'. कोण म्हणतील, हे त्यात सांगितलेलेच नाही. सांगायची गरजही नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते. आपण 'लोक काय म्हणतील' असा प्रश्न विचारतो. त्यांनी त्या प्रश्नाचे नामच करून टाकले आहे. भूक लागते, थंडी वाजते, तसे हे 'काय म्हणतील ते' येऊन अंगाला चिकटते. हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. एवढ्या लांबच्या बायकांना भीती आपल्यासारखीच, आणि तिला नावही जवळजवळ तेच.

स्पेन हा देश युरोपच्या नैऋत्य टोकाला आहे. आकाराने महाराष्ट्राच्या दीडपटीहून थोडा मोठा, पण माणसे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. देशाचे ५० प्रांत आहेत. प्रांत म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा, आणि प्रत्येक प्रांताला एक मुख्य गाव. माद्रिद, बार्सेलोना ही मोठी शहरे सोडली, तर स्पेनमधले कितीतरी चांगले लेखन या जिल्ह्याच्या गावांवर आणि आजूबाजूच्या खेड्यांवर झाले आहे. ते वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. लेखक वेगळे, काळ वेगळा, तरी पुस्तकात कुठे ना कुठे एक बाई खिडकीशी, दाराशी नाहीतर फाटकाशी उभी आहे, आणि कोणीतरी तिच्याकडे बघते आहे. आज त्या खिडक्या-दारांच्याच गोष्टी सांगणार आहोत. आणि त्या बघण्यामागे काय होते तेही सांगू, कारण नुसती चहाडखोरी एवढेच त्याचे कारण नव्हते.

सुरुवात एका बंद घरापासून करू या. फेदेरिको गार्सिआ लोर्का हा कवी आणि नाटककार १८९८ साली दक्षिण स्पेनमध्ये, ग्रानादा शहराजवळच्या एका खेड्यात जन्मला. वडील चांगले जमीनदार होते. पुढे हे कुटुंब जवळच्याच दुसऱ्या गावात राहायला गेले. त्या गावाचे तेव्हाचे नाव आस्केरोसा. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ होतो 'किळसवाणी'! आता असे नाव कोणाला आवडेल? १९४३ साली ते बदलून वाल्देरुबिओ केले गेले. तिथे लोर्काच्या नातलगांच्या शेजारी एक बाई आणि तिच्या मुली राहत. दोन्ही घरांना मिळून एक विहीर होती, आणि त्या विहिरीतून पलीकडचे बोलणे ऐकू येई, असे सांगतात. त्या घरावरून लोर्काला जे नाटक सुचले त्याचे नाव 'बेर्नार्दा आल्बाचे घर'. जून १९३६ मध्ये त्याने ते लिहून पूर्ण केले. पुढच्याच महिन्यात स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये लष्करी बंडवाल्यांच्या माणसांनी लोर्काला गोळ्या घालून मारले. तो ३८ वर्षांचा होता. नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आले ते ९ वर्षांनी, ८ मार्च १९४५ रोजी, आणि तेही स्पेनमध्ये नव्हे, समुद्रापार अर्जेंटिनात.

गोष्ट अशी. बेर्नार्दा ६० वर्षांची. तिचा दुसरा नवरा नुकताच वारला आहे. चर्चमधून परत आल्याबरोबर ती पाच मुलींना बजावते की या घरात आठ वर्षे सुतक चालेल. दारे-खिडक्या बंद. तिच्या बापाच्या घरी असेच झाले होते, आजोबांच्या घरीही असेच झाले होते. मुलींनी बसून लग्नाचे कपडे भरायचे, चादरींवर वेलबुट्टी काढायची. थोरली ३९ वर्षांची, धाकटी आदेला २० वर्षांची. ८० वर्षांची आजी वेडी झाली म्हणून आतल्या खोलीत कुलपात. नाटकात एकही पुरुष रंगमंचावर येत नाही, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पुरुष फक्त बाहेर आहेत. कापणीचे मजूर गाणी म्हणत रस्त्याने जातात आणि या मुली खिडकीच्या फटीतून त्यांना बघतात.

आता पैशाकडे लक्ष द्या. थोरली आंगुस्तियास ही बेर्नार्दाच्या पहिल्या नवऱ्याची मुलगी. तिच्या बापाची इस्टेट तिला मिळणार आहे. बाकीच्या चौघींच्या वाट्याला जेमतेमच. मग गावातला देखणा पेपे, वय २५, मागणी कोणाला घालतो? ३९ वर्षांच्या आजारी आंगुस्तियासला. त्याचे मन धाकट्या आदेलावर आहे, पण लग्न जमिनीशी होते.

तिथली एक चाल सांगायला हवी. दक्षिण स्पेनमध्ये लग्न ठरलेला मुलगा रात्री मुलीच्या घराच्या खिडकीशी येई. खिडकीला लोखंडी गज. तो बाहेर, ती आत, गजांमधून बोलायचे. यात लपवाछपवी नव्हती, ती मान्य रीत होती. पेपे आंगुस्तियासच्या खिडकीशी रात्री दीडपर्यंत बोलतो आणि जातो, असे ती सांगते. पण घरातली जुनी मोलकरीण म्हणते, मी त्याच्या घोड्याची चाहूल चार वाजता ऐकली. मधले अडीच तास तो कुठे होता? घराला खिडक्या एकापेक्षा जास्त आहेत. साऱ्या नाटकाची कळ या दोन वेळांमध्ये आहे.

शेवट वाईट आहे. बेर्नार्दा बंदूक घेऊन पेपेवर गोळी झाडते. गोळी लागत नाही, पण एक बहीण मत्सराने खोटेच बोलते की तो मेला, आणि आदेला फास लावून घेते. लेकीचा देह समोर असताना आईला पहिली काळजी कसली? माझी मुलगी कुमारिका म्हणून मेली, असेच गावाला सांगायचे. बेर्नार्दाचा नाटकातला पहिला शब्द आणि शेवटचा शब्द एकच आहे, 'गप्प!'

खलनायिका म्हणून बेर्नार्दाला शिव्या घालून पुस्तक मिटणे सोपे आहे. आमचेही आधी तसेच झाले. नंतर वाटले, या बाईच्या हातात दुसरे होते काय? मधल्या एका मुलीला पूर्वी एका मुलाने खिडकीशी भेटायला येतो म्हणून कळवले होते. बेर्नार्दानेच निरोप धाडून त्याला येऊ दिले नाही, कारण त्याचा बाप शेतमजूर होता. तिच्या दृष्टीने मुलींची अब्रू हीच घराची शिल्लक. जमीन चौघींना पुरणार नाही, कमवायला त्या जाणार नाहीत, कारण घरंदाज बाईने मजुरी करायची नाही. मग उरते ती फक्त नावाची किंमत, आणि ती ठरवणार गाव. म्हणून ती गावाला भिते आणि गावाची भीती घेऊन मुलींवर पहारा करते. ती तुरुंगाची जेलर आहे, आणि तिची खोलीही त्याच तुरुंगात आहे.

हे नाटक आपल्याकडेही आले आहे. गोविंद निहलानी यांनी १९९१ मध्ये त्यावरून 'रुक्मावती की हवेली' हा हिंदी चित्रपट केला. गोष्ट राजस्थानातल्या हवेलीत नेली आणि आईचे काम उत्तरा बावकर यांनी केले. कधी बघायला मिळाला तर गटाने मिळून बघा आणि नंतर बोला.

लोर्काचेच दुसरे नाटक आहे 'येर्मा', १९३४ चे. येर्माला मूल होत नाही. नवऱ्याला तिच्या दुःखाशी देणेघेणे नाही, त्याला फक्त लोकांच्या बोलण्याची धास्ती. म्हणून तो आपल्या दोन बिनलग्नाच्या बहिणींना तिच्यावर नजर ठेवायला घरात आणून ठेवतो. या नाटकात ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांचा एक प्रवेश आहे, आणि तो आम्हाला फार आवडतो. बायका धुणे आपटतात, येर्माबद्दल बोलतात, हसतात, टोमणे मारतात. पण त्यातलीच एक तिची बाजू घेते आणि बाकीच्यांशी भांडते. म्हणजे ओढ्यावरचे बोलणे सारे विषारी नव्हते. स्पेनच्या खेड्यात पुरुषांना बसायला दारूचा गुत्ता होता, चौक होता. बायकांना एकत्र यायला धुण्याची जागा आणि चर्च, बस्स. तिथे निंदा होई, तशी खबरबातही होई, कोणाकडे दुखणे आहे, कोणाचा नवरा मारतो, तेही तिथेच कळे. 'बायका कुचाळक्या करतात' असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवेश जरूर वाचावा.

आता दक्षिणेतून उत्तरेला जाऊ. तिथे आस्तुरियास नावाचा डोंगराळ, पावसाळी प्रदेश आहे, आणि ओव्हिएदो हे त्याचे मुख्य शहर. तिथल्या विद्यापीठात कायदा शिकवणारे लेओपोल्दो आलास 'क्लारीन' या टोपणनावाने लिहीत. त्यांची 'ला रेहेन्ता' ही कादंबरी १८८४ आणि १८८५ मध्ये दोन भागांत आली. नावाचा अर्थ 'न्यायाधीशीणबाई'. कादंबरीत गावाला त्यांनी वेतुस्ता असे खोटे नाव दिले, पण ओव्हिएदोच्या लोकांनी आपले गाव लगेच ओळखले. तिथले बिशप इतके चिडले की त्यांनी पुस्तकाविरुद्ध जाहीर पत्र काढले.

कादंबरीची सुरुवात अशी: दुपार आहे, जेवण करून सारे गाव झोपले आहे. फेर्मीन नावाचा मोठा धर्माधिकारी चर्चच्या उंच मनोऱ्यावर चढतो आणि दुर्बिणीने गावातली घरे, बागा, माणसे न्याहाळतो. हाच माणूस गावातल्या प्रतिष्ठित बायकांची पापकबुलीही ऐकतो. कॅथलिक ख्रिस्ती धर्मात माणसाने आपल्या चुका पाद्र्याला गुप्तपणे सांगायच्या असतात. म्हणजे गावाचे बाहेरचे त्याला दुर्बिणीतून दिसते आणि आतले कानाने कळते. एवढे कळल्यावर गाव कोणाच्या मुठीत राहील, तुम्हीच सांगा.

नायिका आना ही आईवेगळी पोर. दहाएक वर्षांची असताना ती एका मुलाबरोबर होडीत बसली, होडी अडकली, दोघे रात्रभर तिथेच राहिली. दोन लहान मुले, बस. पण मोठ्यांनी त्यातही पाप पाहिले आणि ते बोलणे तिच्या मागे लागले. मोठी झाल्यावर ती कविता लिहू लागली, तर आत्यांनी वही पकडली आणि गावातल्या प्रतिष्ठितांनी तिची टर उडवली. तिने लिहिणे सोडले. गरीब पण घरंदाज मुलीपुढे वाटा दोनच: अमेरिकेतून पैसा करून आलेला एक श्रीमंत, नाहीतर बापाच्या वयाचा न्यायाधीश. तिने न्यायाधीश पत्करला. पुढे ती एका छानछोकी पुरुषाच्या नादी लागते, द्वंद्वात नवरा मरतो, तो दुसरा पळून जातो, आणि सारे गाव तिच्याकडे पाठ फिरवते. ज्या बायकांची स्वतःची प्रकरणे गावाला ठाऊक होती, त्याच सर्वांत जास्त नाके मुरडतात. क्लारीन यांना राग आहे तो या गोष्टीचा. पाप झाले म्हणून नव्हे, ते झाकता आले नाही म्हणून तिला शिक्षा होते. आज ओव्हिएदोमध्ये त्याच चर्चच्या चौकात आनाचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. ज्या पुस्तकाचा गावाने एवढा राग केला, त्याच्याच नायिकेजवळ उभे राहून आता लोक फोटो काढून घेतात.

आणखी पश्चिमेला गेले की समुद्राकाठचा गालिसिया प्रदेश लागतो. पाऊस भरपूर, जमिनीचे तुकडे लहान लहान, खाणारी तोंडे फार. तिथले पुरुष पोटासाठी बाहेर पडत. कोणी कापणीच्या दिवसांत कास्तियाच्या गव्हाच्या रानात, कोणी जहाजाने क्यूबा किंवा अर्जेंटिनाला. मागे बायका, म्हातारी आणि मुले. नांगर, गुरे, कापणी, सारे बाईने करायचे. रोसालिया दे कास्त्रो या कवयित्रीने १८८० च्या 'फोयास नोवास' या पुस्तकात या बायकांवरच्या कवितांचा एक भागच केला आणि त्याला नाव दिले 'जिवंतांच्या विधवा आणि मृतांच्या विधवा'. नवरा मेला तर ती विधवा हे सगळ्यांना मान्य. पण नवरा जिवंत आहे, कुठे आहे ठाऊक नाही, पत्र नाही, पैसा नाही, अशा बाईला काय म्हणायचे? तिला दुसरे लग्न करता येत नाही आणि पहिले उरलेले नाही. रोसालियाने तिला शब्द दिला. शिवाय ती हे लिहीत होती घरात, शेतात बोलल्या जाणाऱ्या गालिसियन भाषेत, जी कचेरीत आणि शाळेत कमी प्रतीची मानली जाई.

रोसालियाचा स्वतःचा जन्मही 'काय म्हणतील ते' या भीतीच्या छायेत झाला होता. तिची आई घरंदाज, अविवाहित, आणि वडील पाद्री. १८३७ साली बाप्तिस्मा झाला तेव्हा चर्चच्या वहीत मुलीचे आईबाप अज्ञात असे लिहिले गेले. सुरुवातीची वर्षे ती वडिलांच्या नातलगांकडे खेड्यात वाढली. पुढे आईने तिला जवळ घेतले. आज गालिसियात दरवर्षी १७ मे हा दिवस तिथल्या भाषेच्या साहित्याचा दिवस म्हणून पाळतात. तो रोसालियाच्या पहिल्या गालिसियन पुस्तकाच्या स्मरणार्थ आहे. जिचे नाव वहीत धड लिहिले गेले नाही, तिच्या नावाने सरकारी सुट्टी मिळते.

आता विसाव्या शतकात येऊ. यादवी युद्ध १९३९ मध्ये संपले, फ्रांको हा हुकूमशहा झाला आणि १९७५ मध्ये मरेपर्यंत त्याचीच सत्ता राहिली. त्याआधीच्या थोड्या वर्षांत, १९३१ च्या राज्यघटनेने बायकांना मताचा हक्क दिला होता, १९३२ मध्ये घटस्फोटाचा कायदाही झाला होता. फ्रांकोच्या राजवटीने घटस्फोट रद्द केला आणि बाईचे स्थान घरात हे पुन्हा कायद्याने पक्के केले.

कारमेन मार्तीन गाइते ही सालामांका या जुन्या विद्यापीठाच्या गावची. तिच्या 'जाळीच्या पडद्याआडून' या कादंबरीला १९५७ चा नादाल पुरस्कार मिळाला. त्यात मोठे काही घडतच नाही. जिल्ह्याच्या गावातल्या चांगल्या घरच्या मुली आहेत. फिरायला जाणे, चर्चला जाणे, क्लबमध्ये नाच, आणि मुलगा कधी मागणी घालेल याची वाट. खिडकीला पातळ जाळीचा पडदा असतो. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतले नीट दिसत नाही. मुली त्याआडून जग बघतात. १६ वर्षांची नातालिया हुशार आहे, तिला पुढे शिकायचे आहे. तिची जिवाभावाची मैत्रीण मात्र लग्न ठरले म्हणून शाळा सोडते. नातालियाला कोणी मारत नाही, कोंडत नाही. फक्त घरात तो विषय काढायची हिंमत तिला होत नाही. बेर्नार्दाच्या घराला कुलूप होते. इथे नुसता पडदा आहे, तरी बाहेर पडणे तितकेच अवघड. आमच्या मते ही या कादंबरीची मोठी गोष्ट, आणि ती एका बाईनेच लिहावी यात नवल नाही. लोर्का आणि क्लारीन यांनी खिडकी पाहिली ती बाहेरून. मार्तीन गाइते पडद्याच्या आत बसलेली होती.

पडद्यामागे कायदा उभा होता, तो बघा. स्पेनच्या १८८९ च्या नागरी कायद्यात बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी असे कलमच होते. फ्रांकोच्या काळात लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला, करार करायला, पासपोर्ट काढायला नवऱ्याची संमती लागे. बँकेत खाते उघडायचे तरी त्याची सही. मुलगी कायद्याने सज्ञान झाली तरी २५ वर्षांची होईपर्यंत आईबापांच्या परवानगीशिवाय घर सोडून राहू शकत नसे. मुख्य अपवाद होते लग्न करणे किंवा जोगीण होऊन मठात जाणे. हे कलम गेले १९७२ मध्ये. नवऱ्याच्या संमतीची अट गेली १९७५ च्या मे महिन्यात. म्हणजे 'काय म्हणतील ते' ही नुसती हवेतली कुजबुज नव्हती. गाव जे तोंडाने बोले, तेच सरकार कागदावर लिहीत होते. ज्या बाईची सही चालत नाही, तिला शेजाऱ्यांच्या मर्जीवरच जगावे लागते.

सहीचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगतो. मिगेल देलिबेस हे वायादोलिद गावचे लेखक. सारे आयुष्य ते जिल्ह्याच्या गावीच राहिले आणि खेड्यांवर लिहीत राहिले. त्यांची 'निष्पाप संत' ही कादंबरी १९८१ ची. त्यावरचा चित्रपट १९८४ मध्ये आला आणि त्यातल्या दोन नटांना मिळून कान महोत्सवात पारितोषिक मिळाले. गोष्ट आहे पोर्तुगालच्या सीमेकडच्या एका मोठ्या जमीनदारीवरच्या सालदार कुटुंबाची. रेगुला ही त्या घरची बाई. तिचे काम फाटक उघडायचे. मालकाची मोटार आली की धावत जायचे, फाटक उघडायचे, लावायचे. तिची एक मुलगी जन्मापासून अपंग आहे, दुसरी नियेवेस हुशार. आईबापांना वाटते हिने तरी शाळा शिकावी. पण कारभाऱ्याच्या घरी कामाला पोरगी हवी असते, आणि शाळा राहून जाते. नाही म्हणायची सोयच नाही, कारण राहते घरही मालकाचेच.

एके दिवशी मालकाच्या मुलाकडे एक फ्रेंच पाहुणा येतो. तो म्हणतो, तुमच्याकडचे मजूर निरक्षर असतात. मालकाला राग येतो. तो तिथल्या तिथे रेगुलाला, तिच्या नवऱ्याला आणि आणखी एकाला जेवणाच्या टेबलाशी बोलावतो आणि कागदाच्या पाठीवर नावे लिहायला लावतो. रेगुला कष्टाने नाव लिहिते. मालक तिचा अंगठाही पाहुण्याला दाखवतो, गवताच्या दोऱ्या वळून वळून चपटा झालेला. पाहा, आता ही अंगठा उठवत नाही, सही करते! सही झाली, पाहुणा गप्प झाला, रेगुला परत फाटकाशी गेली. त्या सहीने तिच्या नावावर काहीही झाले नाही. साक्षरतेच्या वर्गात पाटी धरलेल्या कोणत्याही बाईने हे पान वाचावे असे आम्हाला वाटते. सही येणे आणि सही चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग बायकांनी काय केले? पुष्कळ जणी निघून गेल्या. १९५० नंतर स्पेनची खेडी भराभर रिकामी होऊ लागली. यंत्रे आली, शेतावर माणसे कमी लागू लागली, माद्रिद, बार्सेलोना, जर्मनी, फ्रान्समध्ये कामे होती. तरुण मुली मोलकरणीच्या, कारखान्याच्या, पुढे शिक्षण घेऊन कचेरीच्या कामांवर गेल्या. शेत भावाच्या नावावर जायचे, गावात राहून मिळायचे ते पडद्याआडचे आयुष्य, मग राहायचे कशाला? कितीतरी खेड्यांत मागे म्हातारी माणसे आणि बिनलग्नाचे पुरुष उरले. हुलिओ यामासारेस यांची 'पिवळा पाऊस' ही १९८८ ची कादंबरी अशा गावाची आहे. पिरेने डोंगरातले आइनिएल्ये हे गाव खरे आहे आणि खरेच ओसाड झाले आहे. कादंबरीत तिथला शेवटचा माणूस बोलतो. सगळे गेले, बायकोने एकटेपणा न सोसून गिरणीत फास घेतला, आणि हा कुत्रीला घेऊन कोसळणाऱ्या घरांमध्ये राहतो. आता बघायला कोणी नाही, बोलायला कोणी नाही. सगळ्या खिडक्या उघड्याच आहेत. ते वाचताना गावच्या बोलभांड शेजारणीसुद्धा परत याव्यात असे वाटते, हे कबूल करतो.

पण सगळ्या गेल्या नाहीत. ज्या राहिल्या त्यांचे काय, हा प्रश्न मारिया सांचेस हिने २०१९ साली 'बायकांची भूमी' या पुस्तकात मांडला. मारिया दक्षिणेतल्या कोर्दोबाची, गुरांची डॉक्टर. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपांमागे गावोगाव फिरते. आजोबा गुरांचे डॉक्टर, वडील गुरांचे डॉक्टर, आणि ती त्या घरातली पहिली बाई डॉक्टर. लहानपणी तिला या दोघांसारखेच व्हायचे होते. मोठेपणी तिच्या लक्षात आले की घरातल्या पुरुषांच्या कामाच्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत, पण आजी, पणजी, आई यांनीही ऑलिव्हची झाडे, कोंबड्या, बाग, सारे सांभाळले, त्यांना मात्र आपण कधी विचारलेच नाही. त्यांचे काम 'हातभार' म्हणून मोजले गेले. कोणी विचारले तर त्या स्वतःही हेच सांगत.

स्पेनमध्ये २०११ साली एक कायदा झाला. शेती नवरा-बायको दोघे करत असतील तर दोघांच्या नावाने नोंद करता येते. आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचेही नाव लागावे, तशातलाच प्रकार, फक्त तिथे उत्पन्नाचा आणि सरकारी अनुदानाचाही अर्धा वाटा येतो. कायदा चांगला, पण नोंदी फार धिम्या गतीने झाल्या. आधी ठाऊक हवे, मग खेटे घालायला हवेत, आणि नवऱ्याने मान्य करायला हवे. मारियाने त्या पुस्तकात पणजी, आजी आणि आई यांच्यावर वेगवेगळी पाने लिहिली आहेत. त्यासाठी ती त्यांचे जुने फोटो घेऊन बसली आणि ज्यांना आठवत होते त्यांना विचारत गेली: ही कुठे उभी आहे, हातात काय आहे, आणि त्या दिवशी तिचे काय काम चालले होते?